पाद्रीसाहेबांच्या कोशातला नवस

शब्दकोशाच्या कामात शब्दांपेक्षा किस्सेच जास्त जमतात! शब्द निदान छापून मोकळे होतात. किस्से डोक्यातून हलत नाहीत.

आम्ही तिघं. रिटायर्ड हेडमास्तर दानिएल सर, टायपिंगला मी, आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ सांगायला घोडेगावाहून एसटीने येणाऱ्या हिराबाई. काम नगरला, सरांच्या घरी. एका गोऱ्या पाद्रीसाहेबांनी फार पूर्वी हाताने लिहिलेला मराठी कोश छापायचा होता. सरांचा हुकूम एकच, "त्यांचा स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही!"

*

साहेबांच्या कोशात 'गाढव' दीड पान आणि 'हत्ती' एक ओळ!

"प्रभू ख्रिस्ताची स्वारी गाढवावरून निघाली होती," सर म्हणाले.

"मंग आमच्या गनपतीच्या उंदराला किती जागा दिलीया?" हिराबाई.

मी शोधून वाचलं, "पिकाचा शत्रू."

"ते बी खोटं न्हाई म्हना!"

त्या दिवशी सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

*

'दारू'पुढे फक्त, "नरकाची वाट."

"कशाची करत्यात, ते लिवलंच न्हाई व्हय?"

"हिराबाई, हा कोश आहे, रेसिपी बुक नाही!"

*

साहेबांनी जात्यावरच्या ओव्याही उतरवल्या होत्या. पण देवीचं नाव आलं की लेखणी थांबायची. "पुढे मूर्तिपूजा. लिहिले नाही."

हिराबाई त्या अर्ध्या ओव्या घडाघडा पुऱ्या म्हणायच्या. मी टाइप करायला हात उचलला की सर म्हणायचे, "भर घालायची नाही." मी हात खाली घ्यायचे. साधं मोबाईलवर आवाज टेप करायचंही मला सुचलं नाही. आता त्या ओव्या कोणाला विचारू?

*

मग 'नवस' आला. साहेबांचा अर्थ, "खोट्या देवास दिलेली लाच."

हिराबाईंनी सरांकडे रोखून पाहिलं.

"शब्द त्यांचा आहे हो," सर जरा वरमून म्हणाले.

"शब्द त्यांचा आसंल, गुरुजी. नवस आमचा हाय."

*

त्याच सुमारास सरांच्या पत्नी, मार्थाबाई, फार आजारी पडल्या. आणि हिराबाईंनी सरांच्या घरचा चहा बंद केला. आधी दोन कप पिणारी बाई कपाला हात लावेना.

सरांच्या मनात भलतंच आलं. एके दिवशी ते म्हणालेच, "ख्रिस्ती घरचा चहा बाटवतो वाटतं आता? मग उगाच एसटीचे धक्के कशाला खाता?"

हिराबाई पदर सावरून उठल्या. फाटकापाशी मी त्यांना गाठलं.

"मार्थाबाई बऱ्या व्हईपर्यंत च्या सोडलाय, देवीपुढं. घरी बी घेत न्हाई. गुरुजींना बोलू नगं, सांगितलं की फळत न्हाई."

त्या परत आल्या नाहीत. मार्थाबाई हिंडूफिरू लागल्या, तरी मी तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग घोडेगावाहून हिराबाई गेल्याचा फोन आला, आणि मी रडत रडत सरांना सगळं सांगितलं. त्यांच्यापुढचा चहा तसाच गार झाला.

*

शेवटची प्रुफं सरांनी तपासून पाठवली. स्वल्पविरामसुद्धा हललेला नव्हता. फक्त 'नवस'पाशी, साहेबांच्या ओळीखाली, सरांच्या अक्षरात एक ओळ जास्त होती.

"२. चहा सोडणे."