मामांनी आमचा कळप बसवला

माझ्या बायकोच्या मामांनी एकदा मनावर घेतलं, तर ते सोलापूरचं एसटी स्टँडसुद्धा दिवेलागणीला झोपवतील. सांगोल्याकडून इकडं येताना गाडीत एक तान्हं पोर किंचाळत होतं म्हणे. मामांनी आधी ते झोपवलं, मग त्याची आई, मग मागची तीन बाकं आणि शेवटी तिकिटाचं मशीन हातात धरलेला कंडक्टर. ड्रायव्हरला तेवढं सोडलं, कारण मामांना डोळ्याच्या ऑपरेशनला वेळेवर पोचायचं होतं. ही हकिकत मी पाहिलेली नाही. पण पुढचे पंधरा दिवस मी जे भोगलं, त्यानंतर तिच्यातलं एक अक्षरही मला खोटं वाटत नाही.

मामांचा जन्म मेंढरांमागं गेला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पंधरा दिवस धुळीत जायला बंदी केली, म्हणून कळप मुलाकडं सोपवून मामा काळा चष्मा, काठी आणि घोंगडं घेऊन शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत उतरले. कळपाशिवाय या माणसाला करमत नाही. दोन दिवस कसेबसे काढले आणि मग त्यांची नजर आमच्यावर पडली.

आमच्याकडं तेव्हा रणधुमाळी चालू होती. साडेतीन वर्षांची मिनू रात्री बारापर्यंत टक्क जागी. बायको शाळेत शिकवते, तेही सकाळच्या. साडेसहाला घर सोडावं लागतं. म्हणजे रोज झोपलेल्या मुलीची वेणी घालायची, झोपलेल्या पायांत बूट कोंबायचे आणि पोतं उचलावं तशी उचलून तिला त्याच शाळेच्या बालवाडीत नेऊन ठेवायची. "मिनू प्रार्थनेला उभ्या उभ्या झोपते," असा शेरा डायरीत तिसऱ्यांदा आला तेव्हा बायको म्हणाली, "मी नोकरी सोडते. मला नाही जमत आता." नऊ वर्षं जपलेली नोकरी. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती डबे घासत राहिली.

मामांनी हे खाटेवरून ऐकलं. संध्याकाळी आठच्या ठोक्याला उठले आणि चाचपडत जाऊन टीव्ही बंद केला.

"मामा, मॅच आहे हो!"

"मॅच उद्या बी हाय, पाव्हणं. लेकराची झोप आजची हाय की."

"पण जागी ती राहते. मी काय केलं?"

"लेकरू जागं न्हाय, तुमी जागं हायसा. मेंढका हुबा असला की कळप बसत न्हाय. पडा आडवं!"

लग्नात हुंड्याचा विषय काढणाऱ्यांना मी एका वाक्यात गप्प केलं होतं, असा मी बाणेदार. पण त्या काठीकडं पाहून मुकाट आडवा पडलो. तेव्हापासून घरात मामांचा कायदा सुरू झाला. मोबाईल पिठाच्या डब्यात. मिनूचे हातपाय कोमट पाण्यानं धुवायचे, मोठा दिवा घालवायचा, मग वाट चुकून परत आलेल्या मेंढीची गोष्ट. रोज तीच. एकदा मामांनी ओढ्याऐवजी विहीर म्हटलं तर मिनूनं त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. वरच्या मजल्यावरच्या काकू नेमक्या आठला शेंगाचटणी कुटायच्या, मामा जिन्याखाली उभे राहून कानडीत गरजले, "साकु अक्का, साकु!" पुरे म्हणजे पुरे. कुटणं थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटीभर चटणी खाली आली, तीही पाऊल न वाजवता.

शेवटी मामा अंधारात प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचे. "येक, दोन, तीन. आन् म्या चार. भरली वाघर." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. "त्यातलं येक जरी कमी आसलं, तर निजायचं न्हाय," हेही मिनूला बजावलेलं.

तिसऱ्या दिवशी मिनूनं असा गळा काढला की पेठेतल्या कुत्र्यांनी तिला साथ दिली. बायको उठायला लागली, तर मामांनी काठी आडवी धरली.

"मामा, रडतीय हो ती!"

"रडू दी. म्या हाय की जवळ. आज उचाललीस तर उद्या पयल्या दिसापासनं." आणि मिनूकडं वळून, आवाज न चढवता, "हितंच हाय गं." ती रडायची, हे म्हणायचे, "हितंच हाय." असं किती वेळा झालं कुणास ठाऊक, मी हुंदके मोजता मोजता तिच्याआधी झोपलो.

दहाव्या दिवशी साडेआठला घर असं गाढ झोपलं की भारत जिंकल्याचं मला सकाळी दूधवाल्याकडून कळलं. मिनू साडेपाचला आपण होऊन उठली आणि तिनं आईलाच उठवलं. डायरीत नवा शेरा आला, "मिनू प्रार्थना फार मोठ्यानं म्हणते." बायकोनं तो मला दोनदा वाचून दाखवला. नोकरी सोडायचं पुन्हा कधी निघालं नाही.

मग मामांचा काळा चष्मा उतरला आणि मामा आपल्या कळपाकडं परत गेले. त्या संध्याकाळी मिनूनं आमच्या डोक्यांना हात लावला. "येक, दोन, तीन." थांबली. उठून बसली. "आजा न्हाय. येक कमी हाय. निजायचं न्हाय." साडेआठचे नऊ झाले. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ते झोपलेले पाय आणि ते बूट दिसायला लागले. मी पिठाच्या डब्यातून मोबाईल काढून मामांच्या मुलाला लावला.

"आप्पा कवाच निजलं की! उटवू?"

"नको. फोन त्यांच्याजवळ ठेव."

पलीकडून घोरणं आलं. मिनूनं पिठानं माखलेल्या त्या मोबाईलवर हात ठेवला. "चार. भरली," म्हणाली आणि कुशीवर वळली.

फोन बंद करायला माझा हात होईना. तिकडं मधेच एखादं कोकरू ओरडायचं आणि घोरणं थांबवून मामा झोपेतच म्हणायचे, "हितंच हाय." कोकराला म्हणत होते, हे मला कळत होतं. तरी आम्ही दोघं अंधारात पडून, पुढचं कोकरू कधी ओरडतंय याची वाट पाहत राहिलो.