धवलेरीचा मुलगा

सायवनची चिमीबाई बँकेत आली की रांगेत उभी राहत नसे. सरळ माझ्या टेबलाशी यायची आणि पासबुक पुढे करायची. मी डहाणूच्या शाखेत कारकून, नाव काशीनाथ, आता निवृत्त. सुरुवातीला चिडायचो. मग कळलं, बाई धवलेरी आहे. त्यांच्या पाड्यांवर वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. दोन घरांत बिनसलं तरी तिलाच बोलावतात, कारण 'चिमीने सांगला' म्हटलं की वाद मिटतो. मग माझंही चिडणं मिटलं.

तिचा मुलगा विनोद. बारावी झाला, दोन वर्षं वापीच्या कारखान्यात राबला, मग तलासरी नाक्यावर फॉर्म भरायचं दुकान टाकलं. दाखले, रेशनकार्डं, आधारला मोबाइल जोडणं. पोरगा चांगला. हे मी आजही म्हणतो आणि माझी बायको मनोरमा आजही माझ्यावर डाफरते.

त्या दुकानात बसल्याबसल्या तो टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये शिरला. तिथे बँकखाती विकली जातात. ऑनलाइन लुटलेला पैसा आधी कुठल्यातरी गरिबाच्या खात्यात उतरवावा लागतो, तिथून तो पुढे पळतो. खातेदाराचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम, या सगळ्याला ते 'किट' म्हणतात. विनोद किट पुरवू लागला.

मला चोरांपेक्षा त्यांच्या शिस्तीचा जास्त राग येतो. तिथे कोणी कोणाचा चेहरा पाहिलेला नसतो, खरं नाव ठाऊक नसतं, फसलं तर पोलिसांत जायची सोय नाही. मग भरवसा कसा धरायचा? तर जुन्याने नव्यासाठी शब्द टाकायचा. नव्याने दगा दिला तर जुन्याचंही नाव गेलं. प्रत्येक सौद्यानंतर ग्रुपवर लिहायचं, माल चोख, माणूस खरा. आणि फसवेल त्याचं नाव थेट 'फ्रॉड लिस्ट'मध्ये! चोरांनी ठेवलेली फसव्यांची यादी. हे विनोदने पुढे, सगळं उघडं पडल्यावर, सांगितलं तेव्हा मला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

"हसू नका, काका," तो म्हणाला. "तिथे एकशेचाळीस लोकांनी माझ्याबद्दल चांगलं लिहिलंय. तहसीलला मला कोणी बस म्हणत नाही."

त्याला तिथे भाव होता तो एकाच कारणाने. त्याचे खातेदार कधी बोंब मारत नसत. दुसऱ्यांचे खातेदार मध्येच बँकेत जायचे, कार्ड बंद करायचे. विनोदचे लोक मुकाट. तो पाड्यावर जाऊन म्हणायचा, नवी योजना आलीय, पासबुक आणि सिम दे. लोक द्यायचे, का म्हणून विचारायचे नाहीत. धवलेरीच्या घरच्याला का म्हणून विचारतं का कोणी? ग्रुपवर ज्याची एवढी वाहवा चालली होती ते नाव विनोदचं नव्हतंच, त्याच्या आईचं होतं. तिला मात्र याचा पत्ताही नव्हता.

होळीनंतर आठवड्याभरात पाड्यावरची अकरा खाती गोठली. धोंडीचं, काकड्याचं, आणि नवशीचं. नवशीच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. परराज्यातल्या पोलिसांच्या नोटिसा आल्या. बायका विनोदकडे गेल्या नाहीत, चिमीबाईच्या अंगणात गेल्या. तिने सांगितलं, "माझा पोऱ्या असा करणार नाय. मी सांगते ना." बायका उठून घरी गेल्या. चिमीने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती विनोदला घेऊन माझ्या घरी आली, नोटीस वाचून घ्यायला. मी वाचली आणि विनोदकडे पाहिलं. त्याने फार वेळ लावला नाही, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, गोठलेल्या खात्यांच्या बदल्यात दोन दिवसांत दुसरी द्यावी लागतात, नाहीतर आपलं नाव यादीत जातं. कालच त्याने आणखी चार दिली होती.

"बायका अंगणात येऊन गेल्यावरसुद्धा?"

"शब्द दिला होता, काका."

मी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. आयुष्यात पोटच्या पोरावर, शैलेशवर, कधी हात उचलला नाही, आणि याच्यावर उचलला. त्याचं वाईट अजून वाटतं.

चिमीबाई मध्ये पडली नाही. तिने फक्त विचारलं, "मी बायांना काय सांगला, ठावा हाय तुला?"

तेव्हा विनोद तिच्या पायांशी बसला. "आई, अजून कोणाला माहीत नाही. तू एवढंच सांग की बँकेची चूक आहे. तू सांगितलंस की ऐकतील. मी महिन्याभरात निस्तरतो."

ऐकलंही असतं त्यांनी, हीच तर पंचाईत होती. चिमीबाई पदर सावरून उठली आणि सायवनची गाडी धरली. संध्याकाळी तिने बायकांना अंगणात बोलावलं. "मी खोटा सांगला. माझ्या पोऱ्यानेच केला." मग नवशीला म्हणाली, "तुझ्या पोरीच्या लग्नाला दुसरी धवलेरी सांग. माझा शब्द आता चालायचा नाय." मला वाटलं होतं, नवशी नको म्हणेल. ती उठून दुसरी धवलेरी सांगायला गेली.

विनोदला अटक झाली, पुढे जामीन मिळाला. दुकानाला कुलूप लागलं. सुटून आल्यावर मला भेटला तेव्हा पहिलं काय बोलावं त्याने? "ग्रुपवर माझं नाव यादीत टाकलं, काका." डोळे भरले होते त्याचे. मला त्याची दयाही आली आणि शिसारीही.

लग्नाला नवशीने मला बोलावलं होतं, चिमीबाईलाही. ती बायकांत मागे, कुडाला टेकून बसली. नवी धवलेरी तरुण, वेवजीकडची. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणं चालू होतं आणि ती गात होती. मध्येच तिचा स्वर अडला. पुढची ओळ आठवेना. सगळ्या बायकांच्या माना सवयीने मागे वळल्या, नवशीचीसुद्धा.

चिमीबाईला ओळ येत होती. तिचे ओठ हललेले मी पाहिले. पण तिने पदर तोंडावर धरला आणि नवी बाई आठवून पुन्हा गाऊ लागेपर्यंत तो काढला नाही.