डावीकडे ओढणारी काठी

दिपेश घरत न्हावा शेव्याच्या एका टर्मिनलवर एकोणीस वर्षं क्रेन चालवतोय. यार्डातली क्रेन, रबरी चाकांवर फिरणारी, कंटेनरांच्या रांगेवर दोन्हीकडे पाय टाकून उभी राहणारी. सहा-सात मजल्यांच्या उंचीवर काचेची केबिन, पायांखालीही काच, आणि खुर्चीच्या दोन्ही हातांशी एकेक जॉयस्टिक. डावीने केबिन सरकते, उजवीने कंटेनर वर-खाली होतो. तीस टनांचा डबा, आणि तो हलवणारी काठी वीतभरसुद्धा नाही.

दिपेशच्या हाताचं यार्डात नाव होतं. डबा ट्रेलरवर टेकला की खाली बसलेल्या ड्रायव्हरला धक्का बसतो, काहींची तर चहाची बाटली लवंडते. दिपेशचा डबा बसायचा तो कापसावर बसल्यासारखा. नव्या पोरांना शिकवताना तो म्हणायचा, "काठी दाबू नका, तिला फक्त विचारा." पोरं हसायची. पण महिन्याभरात त्यांनाही ते कळायचं.

घरी, उरणजवळच्या जसखारला, त्याचे वडील होते. मोरूबाबा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मिठागरावर काढली. पन्नाशी उलटली आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला, मग मनगट, मग अख्खा हात. आता ते अठ्ठ्याहत्तरचे होते. लग्नाच्या हळदीला जायचे, पण पंगतीला बसायचे नाहीत. आमटी सांडते, लोक बघतात. घरातही त्यावर कुणी फार बोलत नसे. वय झालं, कंपवात आहे, चालायचंच. दिपेशनेही कधी त्यापुढे विचार केला नव्हता.

गेल्या ऑगस्टमध्ये मुलगी, प्रणाली, लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला गेली. जाताना तिचा गेम खेळायचा जुना कन्सोल घरातच राहिला. पहिल्या आठवड्यात घर इतकं गप्प झालं की सकाळपाळीहून आलेला दिपेश जेवण झाल्यावर टीव्हीपुढे बसला आणि त्याने तो लावला. प्रणालीने मागे त्याला ट्रक चालवायचा एक गेम शिकवला होता. डोंगरातले रस्ते, पाऊस, मागे माल, आणि हातात दोन छोट्या काठ्यांचा कंट्रोलर. डाव्या काठीने स्टिअरिंग, उजवीने इकडेतिकडे बघायचं.

बायको केसर ताटं उचलताना म्हणाली, "दिवसभर क्रेनवर त्याच काठ्या, घरी येऊन परत त्याच?"

"तिथं डबा खाली यतो. हितं मीच गाडीत बसतंय," दिपेश म्हणाला.

महिनाभर हे मजेत चाललं. मग ट्रक डावीकडे जायला लागला.

आधी अगदी किंचित. सरळ रस्त्यावर तो अंगठा सैल सोडायचा आणि ट्रक हळूहळू पांढऱ्या पट्टीकडे सरकायचा. त्याने अंगठा नीट ठेवला. ट्रक जरा सावरला, परत सरकला. दुसऱ्या दिवशी तो लक्ष देऊन खेळला. एका पुलावर अंगठा अगदी स्थिर धरूनही ट्रकचं तोंड थरथरत डावीकडे वळलं आणि कठड्याला घासलं.

दिपेशने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा हलत होता का? त्याला वाटलं, हलतोय.

वडिलांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं.

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. सकाळी चहाचा कप धरला की तो चहावरचे तरंग बघायचा. कागदावर पेनाने सरळ रेघा मारून बघायचा. रेघ सरळ आली की वाटायचं, आज ठीक आहे. जरा वाकडी आली की तो नवा कागद घ्यायचा. कपातला चहा खरंच हलायला लागला. रात्री झोप येईना, आणि झोप नाही म्हणून हात आणखी हलला. केसरने दोनदा विचारलं, "काय झालं?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "काय न्हाय."

मग कामावर ते झालं. मोठं काहीच नाही. कंटेनर उचलायचा तर वरून लोखंडी चौकट खाली सोडतात आणि तिचे चार कोपरे डब्याच्या चार भोकांत बसवतात. दिपेशला हे पहिल्या झटक्यात जमायचं. त्या दिवशी चौथ्या खेपेला जमलं. खाली ट्रेलरवाल्याने हॉर्न वाजवला. वायरलेसवर सुपरवायझर स्वप्निल ठाकूरने विचारलं, "दिपेशदादा, सगळं ओके ना?"

"ओके," दिपेश म्हणाला. काठीवरचा हात घामाने ओला झाला होता. खाली पिवळ्या जाकिटातले दोन कामगार चालत होते, काचेतून त्यांची डोकी दिसत होती. तीस टन. ते दोघे लांब जाईपर्यंत त्याने काठीला बोट लावलं नाही.

ऑपरेटरांची वार्षिक तपासणी पुढच्या मंगळवारी होती. दिपेशने ठरवलं, डॉक्टरांनी पकडायच्या आधी आपणच सांगायचं. वडिलांनी चार वर्षं लपवलं होतं. मिठाचं फावडं हातातून निसटलं तर काय होतं? पाय दुखावतो. क्रेनची गोष्ट वेगळी. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने कागद घेतला आणि अर्ज लिहिला : माझ्या हातास कंप सुटत असल्याने मला क्रेनवरून उतरवून यार्डात खाली कोणतेही काम द्यावे, ही विनंती. अक्षर सुबक आलं होतं, याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. अर्ज घडी करून त्याने खिशात ठेवला.

शनिवारी दुपारी केसर कपडे भिजवायला काढत होती. खिशातला कागद तिच्या हाताला लागला. तिने तो वाचला, परत वाचला, आणि तशीच ओल्या हातांनी बाहेर आली. दिपेश सोफ्यावर बसला होता. टीव्ही बंद होता.

"यो काय हाय?"

दिपेशने कागद ओळखला आणि तो परत घ्यायला हात पुढे केला.

"अवो, मी विचारतंय. कंप कुठं सुटलाय तुमच्या हाताला? कंदी बगितला तुमी?"

मग त्याने सगळं सांगितलं. पुलावरचा ट्रक, कपातला चहा, चार खेपा, बाबांचा अंगठा. केसर शेजारी टेकून ऐकत होती. ती उरणच्या बाजारात बारा वर्षं भाजी विकते. सांगून झाल्यावर तिने विचारलं ते अगदीच भलतं.

"तुमी हात काढून बगितलात?"

"म्हंजे?"

"म्हंजे काठीवर हातच ठेवला नाय, तवा ट्रक कुठं जातंय?"

दिपेशने बंद टीव्हीकडे बघितलं.

"नवा काटा घेतला की मी पयला तागडी रिकामी ठेवून बगतंय," केसर म्हणाली. "रिकाम्या तागडीलाच काटा झुकला, तर भाजीचा काय दोष? लावा तो टीव्ही."

त्याने टीव्ही लावला. ट्रक सरळ रस्त्यावर आणला. केसरने त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला आणि स्वयंपाकघरातला पाट आणून त्यावर ठेवला. वेग देणारं बटण तिने एका बोटाने दाबून धरलं. डाव्या काठीला कुणाचाच हात नव्हता.

ट्रक पाच-सहा सेकंद सरळ गेला. मग शांतपणे डावीकडे वळला, पट्टी ओलांडली आणि खड्ड्यात जाऊन पडला.

मग केसर म्हणाली, "पाटाला पन कंपवात झाला वाटते."

दिपेश हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. केसरने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "येडा माणूस. बायकोला सांगायचा सोडून अर्ज लिवतो."

त्यांनी लोणेऱ्याला फोन लावला. प्रणालीने ऐकून घेतलं आणि ती ओरडलीच, "बाबा! ती काठी आधीच खराब व्हायला लागली होती. आणि सेटिंगमध्ये मी डेडझोन शून्यावर ठेवलाय. मी विसरूनच गेले सांगायला. सॉरी, बाबा. तुम्ही किती दिवस असं... सॉरी."

"तो डेड काय तो?" केसरने मधूनच विचारलं.

दिपेशला मात्र तो शब्द ओळखीचा वाटला. क्रेनच्या जॉयस्टिकलाही मधोमध थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. तेवढ्या जागेत काठी हलली तरी क्रेन हलत नाही. माणसाचा हात थोडा तरी हलणारच, हे बनवणाऱ्याने धरलेलं असतं. पहिल्या दिवशी उस्तादाने त्याला हेच दाखवलं होतं. एकोणीस वर्षं तो त्या मोकळ्या जागेच्या भरवशावर काम करत होता, आणि घरातल्या काठीला ती असेल की नसेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारी पाळी संपल्यावर तो उरणच्या बाजारात कल्पिता कडूच्या दुकानात गेला. कल्पिता तिशीची. मोबाईलपासून वॉशिंग मशिनच्या सर्किटपर्यंत काहीही उघडते. तिने कंट्रोलर तारेने कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर एक वर्तुळ आलं, त्यात एक ठिपका. ठिपका मधोमध असायला हवा होता. तो डावीकडे सरकून थरथरत होता.

"बघा, कुणी हात लावलेला नाही," ती म्हणाली.

"परत सांग," दिपेश म्हणाला. त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं.

तिने स्क्रू काढले आणि काठीखालची चौकोनी डबी उघडून दाखवली. आत काळी, पातळ कार्बनची पट्टी, तिच्यावर केसाएवढी पत्र्याची जीभ. काठी हलली की जीभ पट्टीवर घासत जाते, आणि ती कुठे आहे त्यावरून यंत्राला कळतं की काठी किती झुकली. "मधल्या जागी सगळ्यात जास्त घासते, दादा. तिथली पट्टी झिजली, की यंत्राला मध्य कुठाय तेच कळत नाही. आणि आपल्याकडची खारी हवा. समुद्राकाठी या काठ्या टिकतच नाहीत."

"मग आता?"

"साफ करून देऊ शकते, चार महिने चालेल. नाहीतर चुंबकाची काठी बसवते. त्यात काही घासतच नाही, लांबूनच चुंबक कळतो. पण सोल्डरिंगचे चौदा टाके सोडवायला लागतात, उद्या या."

"चुंबकाची बसव. आणि त्यात मोकळी जागा ठेव थोडी."

कल्पिता हसली. "किती ठेवू?"

"माणसाला पुरेल इतकी," दिपेश म्हणाला.

तपासणी मंगळवारी झाली. हात पुढे धरा, बोटं पसरा, डोळे मिटून नाकाला बोट लावा. टर्मिनलच्या डॉक्टरांनी पास लिहिलं. पण दिपेशचं समाधान होईना. चहाचा कप हलला होता, ते त्याने स्वतः पाहिलं होतं. गुरुवारी सुट्टी टाकून तो पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेला. डॉ. मृणाल देशमुखांनी त्याला गोगलगायीसारखं वेटोळं काढायला लावलं, मनगटं वाकवून पाहिली, बोलतं ठेवून चालवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या हाताला काही झालेलं नाही. झोप नव्हती आणि भीती होती. भीतीने कुणाचाही कप हलतो."

दिपेशने इतका मोठा श्वास सोडला की बाईंनी मान वर करून पाहिलं.

"वडिलांना हा त्रास आहे म्हणालात. त्यांचा काय उपचार चालू आहे?"

"त्यांचा... काही नाही. वय झालंय."

"कोणी सांगितलं वय झालं म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. स्वतःच्या अंगठ्यासाठी तो पंधरा दिवसांत पनवेलला पोचला होता, आणि बाबांचा हात सव्वीस-सत्तावीस वर्षं हलत होता.

घरी येऊन त्याने मोरूबाबांना सगळं सांगितलं. ट्रक, पाट, अर्ज, डॉक्टर. म्हातारा शांतपणे ऐकत होता. पाटाचा किस्सा ऐकून हसलाही. मग म्हणाला, "म्हंजे याचा डाक्टर असतंय."

"हो, बाबा."

"मग मना कंदी नेलास नाय तो?"

त्या विचारण्यात राग नव्हता, म्हणूनच दिपेशला ते जास्त लागलं. तो म्हणाला, "चुकलो, बाबा. सोमवारी जाऊ."

"सोमवारी नको. त्या दिशी मच्छी मिलतेय. मंगलवारी जाव."

मंगळवारी गेले. डॉक्टरांनी तासभर तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की हात पूर्ण थांबणार नाही, फार आधी यायला हवं होतं. पण कमी होईल. पहिले पंधरा दिवस बाबांना मळमळलं, ते वैतागले, गोळ्या फेकून देतो म्हणाले. केसरने जेवणासोबत गोळी पोटात गेली की नाही यावर डोळा ठेवला. प्रमाण एकदा बदललं. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसायला लागला.

दिवाळीच्या सुट्टीत प्रणाली आली. बाप-लेक दुपारी ट्रक चालवत बसले. नव्या काठीवर ट्रक सरळ जात होता आणि खड्ड्यात गेलाच तर तो दिपेशच्या चुकीने. कामावरही त्याचे डबे पूर्वीसारखे बसायला लागले होते. स्वप्निलने एकदा विचारलं, "दादा, मध्ये काय झालं होतं?" दिपेश म्हणाला, "घरचा कंट्रोलर खराब झाला होता." स्वप्निलला काही कळलं नाही.

नरक चतुर्दशीच्या सकाळी मोरूबाबांनी प्रणालीला आरसा धरायला बोलावलं. इतकी वर्षं त्यांची दाढी करायला कुणीतरी घरी यायचं. त्या दिवशी त्यांनी स्वतः साबण लावला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पातं गालावरून खाली आणलं. हात हलत होता, पण ऐकत होता. अर्धा तास लागला. हनुवटीखाली एक लहानसं कापलं, तिथे त्यांनी तुरटी दाबली. मग नातीच्या हातातून आरसा घेऊन ते बराच वेळ आपला चेहरा बघत बसले, आणि आतून केसर न्हायला हाक मारत होती तरी उठले नाहीत.