बॉनेटमधला हार

तळमजल्यावरच्या समीरची गाडी दसऱ्यापासून उगाच कोकलते. कोणी हात लावत नाही, तरी भोंगा सुरू. पहिल्यांदा सगळे खिडकीशी धावले होते. आता कोणी मानसुद्धा वळवत नाही. सारखं ओरडणाऱ्याचं असंच होतं, गाडी असो की माणूस.

मला मात्र ते परवडत नाही. अर्धांगवायूने ह्यांची वाचा गेली आहे. काही हवं असलं की चमच्याने पेला वाजवतात. काल भोंग्यात तो आवाज बुडाला. पाण्यासाठी किती वेळ वाजवत होते, कोण जाणे.

आज मी खाली गेले. समीर म्हणाला, "आजी, अलार्म कंपनीचाच आहे. बॉनेट नीट बसत नाही, म्हणून गाडीला वाटतं कोणी उघडतंय."

"मग नीट बसव."

"पूजेच्या हाराची दोरी अडकलीय आत. आई म्हणते, हार आपणहून गळेपर्यंत काढायचा नाही."

"उघड," मी म्हटलं.

झेंडू वाळून काळा पडला होता. मी दोरी ओढून तोडली. समीर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायला लागला.

"आईला सांग, मी तोडली. देवाला राग आला तर त्याने माझ्याकडे यावं."

बॉनेट खटकन बसलं. आता शांत आहे. पण मला भीती वेगळीच वाटते. ह्यांचा पेलाही दिवसभर वाजतो. त्याची मला सवय होऊ द्यायची नाही. वाजला की हातातलं टाकून उठायचं.