कॉम्प्युटर कुणाच्या नावावर

"काय न्हाय, नेक्स्ट म्हणतंय." या चार शब्दांनी माझा एवढा संताप केला आहे, की आजही ते नुसते आठवले तरी दाढा आवळल्या जातात.

मला दिसत नाही. विशी गाठायच्या आत नजर गेली, त्यालाही आता खूप वर्षं झाली आणि त्याचं रडगाणं मला इथं गायचं नाही. माझा कॉम्प्युटर बोलतो. स्क्रीनवर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यात असतो, आणि त्याच्या जोरावर मी काम करते. लोक मुलाखतींची रेकॉर्डिंग पाठवतात, मी ती ऐकते आणि शब्दही इकडचा तिकडं न करता मराठीत टाइप करून देते. येरमाळ्यासारख्या गावात, हायवेच्या कडेच्या घरात बसून, कुणाचा हात न धरता करता येईल असं माझ्याकडं तेवढं एकच काम आहे.

आणि तो कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला आहे. मदरबोर्ड सोलापूरहून, कॅबिनेट धाराशिवहून, बाकीचं जसं जमेल तसं. एसटीत पिशवी पोटाशी धरून आणलेल्या वस्तू. रॅमच्या पट्टीला एक खाच असते, ती बोटाला लागते, मग पट्टी उलटी बसूच शकत नाही. पुढच्या बटणाच्या वायरी मात्र फार बारीक, तिथं दिसणारी माणसंही टॉर्च मागतात. मी त्या नखानं चाचपून बसवल्या. एका पावसाळ्यात वीज पडली तेव्हा मदरबोर्डातला आवाज कायमचा गेला, म्हणून वेगळं साउंड कार्ड घातलं. मशीन जुनं आहे हे खरं. पण त्यात हरभऱ्याएवढा एक स्पीकर आहे. बटण दाबलं की तो एकदा 'बीप' करतो आणि सगळं ठीक असल्याचं मला सांगतो. असा स्पीकर नव्या मशीनमध्ये शोधून सापडत नाही.

यंदा उन्हाळ्यात त्याची हार्ड डिस्क गेली. आत टकटक वाजायला लागलं आणि दोन दिवसांत सगळंच गप्प झालं. मी नवी डिस्क मागवली, जुनी काढली, नवी बसवली. इथवर कुणाची गरज नव्हती. पण कोऱ्या डिस्कवर आधी सिस्टिम टाकावी लागते, आणि ती टाकली जात असताना माझं ते वेगळं साउंड कार्ड मशीनला ओळखू येत नाही. म्हणजे तेवढा वेळ कॉम्प्युटर मुका. म्हणजे तेवढा वेळ मला डोळे उसने घ्यायचे.

डोळे होते माझ्या पाठच्या भावाचे. हायवेवर त्याचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, घर तोच चालवतो. तो वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण हे वाचून माझी कीव आणि त्याचा राग करणारे पुष्कळ निघतील. मला दोन्ही नकोत. राग करायला मी समर्थ आहे.

"भंगारात घाल म्हणलं तर ऐकत न्हाईस. आण, विंडोज मारून देतो," असं म्हणत दुकान बंद असतं त्या दिवशी तो बसला. कळंबच्या एका दुकानदाराकडून पेनड्राइव्ह तयार करून आणला होता. मी शेजारी खुर्ची घेतली.

"काय लिहिलंय?"

"काय न्हाय, नेक्स्ट म्हणतंय."

"नुसतं नेक्स्ट?"

"लई लांबलचक इंग्रजीत हाय गं. आपल्याला काय करायचंय?"

आपल्याला! मशीन माझं, डिस्क माझी, काम माझं, आणि वाचायचं काय नि गाळायचं काय ते ठरवणार हा. दिसणाऱ्या माणसांना एक खोड असते. ती वाचून दाखवत नाहीत, सार सांगतात. पेपर वाचायला सांगावा तर 'काय न्हाय, नेहमीचंच' म्हणतात. औषधाच्या बाटलीवरचं विचारावं तर 'खोकल्याचं हाय, घे.' माझ्या वाट्याचं जग आधी त्यांच्या चाळणीतून जातं, आणि चाळणीत काय राहिलं ते मला कधीच कळत नाही.

बराच वेळ गेला. मशीन बंद होऊन चालू झाल्याचा बीप मी ऐकला. पुन्हा बराच वेळ गेला आणि पुन्हा बीप. मी विचारलं की भाऊ म्हणायचा, "चाललंय की." तिसऱ्यांदा बीप झाल्यावर मात्र मला शंका आली.

"आता काय विचारतंय?"

"कुठली भाषा पायजे म्हणतंय."

"हे मघाशी पण विचारलं होतं का?"

"सारखं तेच इचारतंय ते."

"आणि तू काय करतोस?"

"इंग्रजी म्हणतो अन् नेक्स्ट."

तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खी सकाळ हा माणूस पहिल्या पानावरून निघून पहिल्या पानावर येत होता आणि मला 'चाललंय' म्हणून सांगत होता. भानगड साधी होती. अर्धी सिस्टिम डिस्कवर गेली की मशीन आपोआप बंद होऊन चालू होतं. पुढचं काम त्यानं डिस्कवरून करायचं, पण पेनड्राइव्ह तसाच खोचलेला, म्हणून ते दर वेळी पेनड्राइव्हवरूनच सुरू व्हायचं आणि पहिल्यापासून 'कुठली भाषा' विचारायचं. एकदा, फक्त एकदा यानं 'पहिलंच पान परत आलंय' असं मला सांगितलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. पुढच्या खेपेला बीप ऐकताच मी हात घातला आणि पेनड्राइव्ह उपटून घेतला.

गाडी पुढं सरकली. "बघ, म्हणलं नव्हतं का, चाललंय म्हून," असं तो वर म्हणालाच.

आता फाइली उतरायला वेळ लागणार होता, म्हणून मी अंघोळीला गेले. तेवढ्यात पुढचे सगळे प्रश्न आले आणि त्यानं सगळ्यांची उत्तरं देऊन टाकली. मी सांगून ठेवलं होतं तसं साउंड कार्डाचं सॉफ्टवेअर आणि वाचणारा प्रोग्रॅमही घातला. "झालं आक्का, बस आता," म्हणाला. आवाजात लाडू वाटायचा आनंद. मी ओल्या केसांनी खुर्चीवर बसले, हेडफोन लावला आणि मशीन चालू केलं.

कॉम्प्युटर बोलला. पहिला शब्द बोलला तो माझ्या भावाचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि पुढं स्वागत.

"हे तुझ्या नावानं केलंस?"

"मग? त्याला मोबाइल नंबर लागतोय. ओटीपी येतोय. तुझ्या फोनवर आला तर तू वाचणार कशी?"

माझा फोन बोलतो. वर्षानुवर्षं बोलतो. याच घरात, याच्याच पुढ्यात, जेवताना तो आलेले मेसेज वाचतो, आणि हाच 'त्याची कटकट बंद कर' म्हणून माझ्यावर खेकसतो. तरी त्याच्या मनात मला वाचता येत नाही ते नाहीच.

"आणि उघडायचा आकडा?"

"माझाच ठेवलाय, एटीएमचा. इसरणार न्हाय."

मी ओरडले. चांगली गल्लीला ऐकू जाईल एवढी ओरडले. त्याला खरंच कळत नव्हतं की बिघडलं काय. "घरातलं गॅसपासून रेशनपर्यंत समदं माझ्याच नंबरवर हाय की. तुझं बँकेचं बी हाय. तवा कुठं बोललीस?" बोलले नव्हते, हे खरं. कर्त्या पुरुषाचा नंबर द्यायचा असतो हे आमच्याकडं कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पण या मशीनचा एकेक स्क्रू मी पिळलेला होता.

"अन् तुझं काय असतंय त्यात लपवायजोगं?" हे तो अगदी सहज बोलला.

आतून भावजय आली. ती माझ्याशी नेहमी मऊ बोलते. "आक्का, तुमच्या भल्यासाठीच केलं की त्यांनी. सुट्टीचा एक दिस, तो बी तुमच्यापायी घालवला." मी तिच्यावरही डाफरले. माझ्या भल्याची एवढी राखणदार माणसं घरात असताना मला स्वतःचं भलं बघायची सोयच उरलेली नाही, असं काहीतरी म्हणाले. ती आत निघून गेली.

काही दिवस मी ते सोसलं, कारण काम तुंबलं होतं. मशीन चालू केलं की भावाचं नाव ऐकायचं आणि त्याच्या एटीएमचा आकडा दाबायचा. माझ्या मेललाही पूर्वीपासून त्याचाच नंबर, म्हणून कॉम्प्युटरवर मेल उघडायला गेले की कोड त्याच्या फोनवर जायचा. दुकानात फोन करावा तर "थांब, गिऱ्हाईक हाय," आणि मग तासभर काही नाही. माझं काम आता पाइपांच्या गिऱ्हाइकांमागं रांगेत उभं होतं.

एका संध्याकाळी जेवायला बसलो असताना तो म्हणाला, "ती पुण्याची बाई लई घाई करती गं तुला. मी सांगून टाकलं, आठ दिसांनी भेटंल म्हून."

मी घास ताटात ठेवला. "तू कुठं सांगितलंस?"

"मेलवर. सारखा सारखा कोड कुठं सांगत बसू? तुझा मेल माझ्याच फोनमधी घालून घेतला."

त्या बाईंच्या मुलाखती माझ्या टाइप करून झालेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाठवायच्या होत्या. आणि त्या बाईंना माझ्या नावानं, माझ्या पत्त्यावरून, आठ दिवसांचं उत्तर गेलं होतं. मी ताट सरकवलं आणि उठले.

लातूरला माझी एक मैत्रीण आहे, तिलाही दिसत नाही. तिला फोन केला. ती म्हणाली, "दुसरी एक सिस्टिम हाय, फुकट मिळती. ती टाकतानाच बोलती." सुरुवातीला मशीन एक बीप देतं, नेहमीचा. थोड्या वेळानं आणखी एक येतो, तो त्या सिस्टिमचा. तेव्हा एस दाबायचा आणि एंटर. बस्स. पुढं ती स्वतः सगळं वाचत जाते.

"ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली का नाही?" मी तिच्यावरच चिडले.

"तू इचारलं का कुणाला?" ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

भावाच्या नावाच्या त्याच कॉम्प्युटरवर बसून मी ती सिस्टिम पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि झालेलं काम दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवलं. दुपारी भाऊ दुकानात आणि भावजय बाजाराला गेली असताना दाराला कडी घातली. बीप झाला. मग दुसरा झाला. एस, एंटर. आणि शांतता. मी वाट बघितली, वैतागले आणि पुन्हा एंटर हाणला. तरी शांतता. मग डोक्यात प्रकाश पडला. या मशीनला आवाजाच्या दोन जागा दिसत होत्या, मदरबोर्डाची मेलेली आणि माझ्या कार्डाची जिवंत. सिस्टिम एकेका जागी बोलून बघते, जिथं ऐकू येईल तिथं आपण एंटर दाबायचा असतो. मी रागारागानं दाबला तेव्हा तिची पाळी मेलेल्या जागेवर होती. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि या वेळी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

हेडफोनमध्ये आवाज आला. चिरका, नाकातला, इंग्रजी. मी झडप घालून एंटर दाबला.

मग तो वाचत गेला आणि मी ऐकत गेले. नको ते सुद्धा, कंटाळवाणं सुद्धा, सगळं. त्यानं काही गाळलं नाही, मला समजेल का याचा विचार केला नाही, माझ्यावर दया केली नाही. या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, खात्री आहे का, असं त्यानं विचारलं तेव्हा मी मोठ्यानं 'हो' म्हणाले आणि मग बटण दाबलं. भावाचं नाव पुसलं गेलं. नंतर त्यानं माझं पूर्ण नाव विचारलं. मी एकेक अक्षर जोरानं दाबत ते टाइप केलं. त्यात आनंद किती होता सांगता येत नाही, राग मात्र भरपूर होता. संध्याकाळच्या आत माझ्या फोनवरून मेलचा पासवर्ड बदलला, नंबर माझा घातला आणि पुण्याच्या बाईंना काम पाठवून दिलं.

रात्री भाऊ आला तो फोन हातात घेऊनच. "आक्का, तुझा मेल माझ्या फोनमधी उघडंना झालाय."

"नाही उघडायचा."

"म्हंजी? पासवर्ड काय हाय आता?"

"माझा आहे."

"घरच्या माणसाला बी सांगायचा न्हाय व्हय?" त्याला लागलं होतं, खरंच लागलं होतं, आणि मला त्याची समजूत घालावीशी वाटली नाही. "उद्या तुला काय झालं तर आमी काय करायचं?" असं म्हणून तो न जेवताच झोपला. माझी बाजू घेऊन घरात कुणी एक शब्द बोललं नाही.

सकाळी त्याच्या गाडीचा आवाज हायवेकडं गेला. मी कामाला बसले होते. भावजय आली आणि खोलीच्या दारात उभी राहिली, हे बांगड्यांवरून कळलं. ती कालचं बोलायला आली असेल, नवऱ्याची बाजू मांडायला, म्हणून मी तयारीतच होते. पण तिनं आधी दार लोटून घेतलं.

"आक्का," ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या मोबाइलचा पासवर्ड बी त्यांनीच टाकल्याला हाय. रोज रातच्याला बघत्यात. तो बदलायचा कसा, सांगाल का?"

मी हेडफोन काढला. तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तिचा हात भांड्याच्या पाण्यानं ओला होता आणि त्या हातात फोन घट्ट धरलेला होता.

"सांगते," मी म्हणाले. "पण नवा काय ठेवलास, ते मलासुद्धा सांगायचं नाही."