अळूवडीचं बहुमत

माझं लग्न जमलं ते राजेरजवाड्यांच्या तनख्यांमुळे. आजही सांगताना मला हसू आवरत नाही.

तनखे बंद करणारं विधेयक संसदेत येणार होतं आणि ते पाडायला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी एक गट जमवला होता. ते स्वतः खासदार, जुने बंगाली जमीनदार. सोबत एक माजी महाराज, एक गिरणीमालक आणि एक महंत, तेही खासदारच. काही बदलू नये, एवढं सोडलं तर चौघांचं कशावरच जमत नव्हतं. त्यांच्या मुलाचं आणि माझं प्रेम होतं, पण आमच्या लग्नालाही सासऱ्यांचा विरोध, सून बंगालीच हवी म्हणून. माझ्या बाबांचाही विरोध, मासे खाणाऱ्या घरात मुलगी द्यायची नाही म्हणून.

बैठक कलकत्त्याला सासऱ्यांच्या घरी ठरली आणि महंतांनी माशाच्या स्वयंपाकघरातलं अन्न नाकारलं. सासऱ्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याने, संधी साधली. जवळच बराकपूरला एक मराठी ब्राह्मण डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जेवा, असं त्याने वडिलांना सुचवलं. ते डॉक्टर म्हणजे माझे बाबा. सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं, पण मतं हवी होती. महंत येणार म्हटल्यावर बाबाही विरघळले.

आईने परसातल्या अळूच्या वड्या केल्या. पानं खाजरी निघाली तर? माझा जीव टांगणीला लागला.

"अजून चिंच घाल ना. त्यांचा घसा धरला तर माझं लग्न गेलं."

"आणि त्यांचं मत," म्हणत आईने आणखी कोळ ओतला.

महंतांनी पहिली वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मी ताट धरून तशीच उभी. मग त्यांनी पुन्हा वडी मागितली. पुन्हा मागितली. पाणी वाढणाऱ्या माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत ते सासऱ्यांना म्हणाले, "या घरची मुलगी तुमच्याकडे का येत नाही?"

"आमच्याकडे सुना लांबूनच येतात," महाराज म्हणाले. गिरणीमालकांचं तोंड भरलेलं होतं, त्यांनी मान डोलावली. महंतांचं मत गमावणं सासऱ्यांना परवडणारं नव्हतं, ते बाबांकडे बघू लागले. बाबा नुकतेच महंतांच्या पाया पडले होते, आता नाही कसं म्हणणार? मी स्वयंपाकघरात पळाले आणि आईला गच्च मिठी मारली.

पुढे तनखे बंद झालेच. गटही पांगला. अळूवडी पानात पडली की सासरे मला सूनबाई अशी बंगाली हाक मारून म्हणायचे, "बौमा, आम्हा चौघांचं एकमत जन्मात एकदाच झालं, आणि तेही काहीतरी बदलण्यासाठी."