मामांची डोलकाठी

समुद्र न पाहता समुद्राविषयी सगळ्यात जास्त बोललेला माणूस आमच्या भागात कोण असेल, तर माझ्या बायकोचे निपाणीचे मोठे मामा. वेदगंगेला पाणी चढलं की पुलावर मोटारीत डोळे घट्ट मिटून बसत आणि पलीकडे पोचले की वादळात शिडं कशी उतरवायची ते ड्रायव्हरला समजावत. कारण त्यांच्या तंबाखूच्या वखारीत छपराला टेकू देणारा मधला खांब म्हणजे एका गलबताची डोलकाठी होती. ते गलबत त्यांच्या आजोबांची तंबाखू कोकणातून मलबारला न्यायचं आणि येताना मंगळुरी कौलं आणायचं. पुढं इंजिनाच्या बोटी आल्या, गलबत खाडीच्या चिखलात कुजू लागलं, तेव्हा आजोबांनी मोडीतून डोलकाठी घेतली आणि बैलगाड्या जुंपून घाटावर आणली. या हकिकतीतल्या लाटा दर दिवाळीला थोड्या उंच होत. लग्नपत्रिका द्यायला आलेला माणूसही मलबारला जाऊन आल्याशिवाय सुटत नसे.

मी बेळगावात जुनं लाकूड विकतो. जुनी घरं उतरवायची, तुळया-खांब विकायचे. सुरुवातीला माझ्या तापट तोंडामुळं कुणी दारात उभं करत नव्हतं. निपाणीतली कामं मामांच्या शब्दावर मिळाली. आज माझं जे काही आहे त्याची सुरुवात तिथली. पण वखारीत पहिल्यांदा गेलो तेव्हाच मला दिसलं, की डोलकाठीचा जाड बुंधा वर आहे आणि निमुळता शेंडा जमिनीत. छपराला रुंद टेकू मिळावा म्हणून घाटावरच्या माणसांनी ती उलटी रोवली होती. मी तसं बोललो. मामा चहा अर्धा ठेवून उठले आणि पुढं प्रत्येक पाहुण्याला माझ्यादेखत सांगू लागले, "आमचे जावई लाकूड लई ओळखत्यात. जहाजाचं तेवढं कळत न्हाय." लाकडावर जगणाऱ्याला असं म्हणणं! तो राग मी वर्षानुवर्षं जपला.

अलीकडे रस्तारुंदीत वखार गेली. डोलकाठी चिरून टेबलं करायला गोव्याचा एक हॉटेलवाला आला, म्हणून मीही धावलो. मामांनी जुन्या रिवाजाप्रमाणे हातावर टॉवेल टाकला. त्याच्याखाली बोटं धरून भाव सांगायचा, शेजारच्याला कळू द्यायचा नाही. हॉटेलवाला आपला भाव सांगून निश्चिंत बसला. मग मी हात घातला. बोटं पुढं केली, तर मामांनी ती एकेक करून दुमडली, माझी मूठ बंद केली आणि धरूनच ठेवली.

"न्या जावई," ते हळूच म्हणाले. "पण आता तरी सुलटी उभी करा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. पर आज्ज्यानं रोवलीती. त्याचं चुकलं म्हणून मी कसं सांगू?"

जन्मभर मी घासाघीस केली. फुकट घेतलेली माझ्या धंद्यातली ती एकच वस्तू.

डोलकाठी माझ्या आवारात उघड्यावर उभी केली, तेव्हा मामा काठी टेकत आले. मान वर करून बराच वेळ शेंड्याकडे बघत राहिले. वादळ नाही, मलबार नाही. "एवढी वर्षं छपराखाली होती," म्हणाले. "आता वारा लागंल तिला."

मामा गेले त्याला फार दिवस झाले नाहीत. संध्याकाळी घाटाकडून वारा सुटतो, तेव्हा समोर गिऱ्हाईक असलं तरी मी मान वर करून शेंड्याकडे बघतो.